तारेचं टोक

बी.एड.च्या वार्षिक पाठाआधी वर्गाला पटवावं लागतं. हे कुणी शिकवत नाही, पण सगळे करतात. मीही आदल्या दिवशी सातवीला सांगून आले, "उद्या मागे परीक्षक सर बसतील. माझे मार्क तुमच्या हातात आहेत. गडबड करू नका, चॉकलेट देईन."

त्या मार्कांवर माझं सगळंच टांगलेलं होतं. चऱ्होलीच्या घरी सासऱ्यांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "नापास झाली तर घर बघायचं. पुन्यांदा फी भरणार न्हाई." त्यावर नवरा गप्प, सासूबाई गप्प आणि मीही गप्प. त्या घरात माझा जीव गुदमरायचा.

पाठ विजेच्या परिपथाचा होता. पाठाच्या टाचणात मी ठळक लिहिलं होतं, प्रयोग मुली करतील. परीक्षकांच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकानाच होता. म्हणून मी एका मुलीला पुढे बोलावलं. तिची आई चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत कामाला होती.

दिवा काही लागेना. मुलगी तारेचं गंजून हिरवट पडलेलं टोक कर्कटकानं सावकाश घासत राहिली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं उरली होती आणि ही बया आपली घासतेच आहे. मी तिच्या हातातून तार घेतली आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला दिली. "तू लाव रे पटकन."

त्यानं तार टेकवली आणि दिवा लागला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

लागणारच होता, टोक तिनं घासलं होतं. मला ते तिथंच कळलं. पण ते सांगायचं तर तिच्या हातातून तार का काढली, हेही सांगावं लागलं असतं. अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी मी उभी राहिले. जाताना परीक्षक म्हणाले, "मुलींना छान संधी दिलीत." मी "थँक्यू सर" म्हटलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

चॉकलेट घ्यायला ती सगळ्यांत शेवटी आली.

"मॅडम, तार मी घासली म्हणून लागला."

"माहितीय मला."

"मी सांगणार होते. पण तुमचे मार्क जातील म्हणून गप्प बसले."

मी पास झाले. असं गप्प बसायला शिकताना माझी लग्नानंतरची तीन वर्षं गेली होती. तिला मी ते एका तासात शिकवलं.