चुकवलेलं कपाळ

भंडाऱ्याचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. आळेफाट्याला एसटीडीचे बूथ निघाले, त्या सुमाराची गोष्ट. गाड्याला जुंपायचा माझा पांढरा बैल शर्यतीच्या आदल्या दिवशी विषानं मेला. भावकीतल्या एकावर संशय असल्याचं मी चारचौघांत बोललो, पण त्यानं खंडोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि सारा गाव मलाच खोटारडा म्हणायला लागला. पुढच्या जत्रेला ऊन रणरणत होतं, ढोल वाजत होते. पुजारी एकेकाच्या कपाळाला भंडारा लावत आला, तसा हा शपथ घेतलेला गडी मागं सरकला. "मला हळदीची खाज उठती," म्हणाला. मी म्हणालो, "अरं, पोरीच्या लग्नात तर कोपरापर्यंत हळदीत माखला व्हतास की." लोक आधी हसले, मग त्याच्याकडं बघायला लागले. तो माझ्या कानाशी आला. "दादा, चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. "माझ्या कानात नको, गावाला ऐकू जाऊ दे," मी ओरडलो, तर तो चपला तिथंच टाकून गर्दीतून निघून गेला. देवाला भ्याला, पण मुक्या जनावराला विष घालताना न्हाई भ्याला. आज घरी खंडोबाची तळी भरली, मी कपाळभर भंडारा फासला. तो मरून लई वर्षं झाली. माफ मी अजून केलेलं न्हाई.