दुसऱ्या गिअरचं भांडण

आमच्या शेजारची सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळतो. म्हणून ‘तुला गिअर टाकता येत नाही’ हे वाक्य तिला जास्तच झोंबायचं.

वाक्य तिच्या सासऱ्यांचं. त्यांनी उभं आयुष्य ट्रक चालवला, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना उस्ताद म्हणते. माणूस प्रेमळ, पण गाडीचा विषय निघाला की समोरच्याला तोंड उघडू देत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं तेव्हा घरची मोटार सुनेच्या हाती आली. देण्याआधी त्यांनी ती धुतली, चाकांत हवा भरली, दिवसभर खाली झोपून खुडबुड केली आणि लेक सासरी धाडावी तशी डोळे पुसत तिच्या हवाली केली. तेव्हा सगळ्यांनाच भरून आलं होतं.

तेव्हापासून दुसरा गिअर अडायला लागला. सकाळी गाडी गार असली की दांडा मागे सरकायचाच नाही. बळ लावलं तर आतून करकर ऐकू यायची. दुपारी गाडी तापली की सगळं सुरळीत. गॅरेजवाल्याकडे गाडी जायची ती दुपारी. तो एक चक्कर मारून यायचा, काही दोष नाही म्हणायचा, आणि उस्ताद ओट्यावरून ऐकवायचे, “नाचता येईना, अंगण वाकडं.” लांबच्या शहरात नोकरीला असलेला नवरा फोनवर समजूत घालायचा, बाबांचा स्वभाव माहीत आहे ना, सोडून दे. ती सोडून द्यायची.

खरा त्रास सासूबाईंमुळे होता. त्यांची डावी बाजू अर्धांगाने लुळी पडलेली. व्यायामासाठी त्यांना सकाळीच दवाखान्यात न्यावं लागे. भर चौकात गिअर अडायचा, मागून हॉर्नचा गदारोळ उठायचा आणि सासूबाई उजव्या हाताने दाराची मूठ आवळून धरायच्या. बोलायच्या काही नाहीत. ते न बोलणंच सुनेला नवऱ्याच्या उपदेशापेक्षा जड जायचं. आईंचाही आपल्यावर भरवसा नाही, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

एका शनिवारी ती दुकानातून परतली तर उस्ताद फोनवर गाड्यांच्या दलालाशी बोलत होते. सूनबाईनं गिअरबॉक्सची वाट लावलीय, म्हणून कमीत देतो, उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जा. यापुढे बायकोला भाड्याच्या गाडीने नेऊ, निदान हातपाय तरी शाबूत राहतील, असंही वर म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मात्र ती भांडली नाही. गेले काही महिने सकाळ-दुपारचा फरक तिला छळत होता. तापल्यावर जे सुधारतं ते तेलच असणार, हा तर्क तिने आधीच केला होता. रविवारी सकाळी ती बाजारात गेली, या गाडीला लागतं ते गिअर ऑइल आणि तांब्याची नवी वायसर घेऊन आली. गाडीची एक फेरी मारून तेल कोमट केलं. मग अंगणात चारही चाकं सारखी उचलून गाडी भक्कम टेकूंवर चढवली आणि नवऱ्याचा जुना शर्ट घालून खाली शिरली.

उस्ताद खुर्ची ओढून समोर बसले. ही पोरगी आता गिअरबॉक्स अंगणात पसरणार आणि दलाल भंगाराचा भाव देणार, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. तिने आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सैल केला. तोच निघाला नाही तर खालचा उघडून काय उपयोग, हे शहाणपण तिच्याजवळ होतं. पान्याला पाइप लावून, दात-ओठ खात तो बोल्ट तिने फिरवला तेव्हा उस्तादांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

मग खालचा बोल्ट काढला. कोमट तेल घळाघळा यायला हवं होतं. आली ती काकवीसारखी जाड, काळपट तार. सावकाश, लोंबत, खाली ठेवलेल्या परातीत वेटोळं घालत. भिंगासारख्या पातळ वस्तूंवर दिवस काढणारी ती बाई त्या जाड तेलाकडे पाहतच राहिली. हे या गाडीचं तेल नव्हतं.

“कुणी घातलं हे?” तिने गाडीखालूनच विचारलं.

उस्ताद खुर्चीतून उठले. वाकून परातीत पाहिलं. मग घसा खाकरत म्हणाले की गॅरेजवाले चोर असतात, हाताला लागेल ते तेल ओततात.

तेवढ्यात काठी टेकत सासूबाई दारात आल्या. अंगणात गंधकासारखा उग्र वास सुटला होता. त्यांनी तो एकदा ओढून घेतला आणि त्यांचा चेहरा पार बदलला. इतक्या मऊ बाईला एवढा राग येतो हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

“अहो, हे तुमच्या ट्रकचं तेल आहे,” त्या म्हणाल्या. “जन्मभर तुमच्या कपड्यांतून हा वास धुऊन काढलाय मी. गॅरेजवाल्याचं नाव घेऊ नका.”

उस्तादांनी मान खाली घातली. जाड तेल मजबूत असतं, पोरीला गाडी द्यायची तर चांगलं तेल घालून द्यावं, एवढाच विचार केला होता, असं ते पुटपुटले.

सून बाहेर आली. कोपरापर्यंत हात काळे झालेले. “घातलंत ते मायेनं, बाबा. मला मान्य आहे. पण आत्ता ओळखलंत ना? मग ते दुसऱ्यावर का ढकललंत?”

उत्तराची वाट न पाहता ती परत खाली गेली. जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दिलं, नवी वायसर घालून खालचा बोल्ट आवळला आणि लांब नळीने नवं तेल वरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरलं. मग तोही बोल्ट बसवला. पाने जरा जोरातच आपटत होती.

गाडी पार गार झाल्यावर, दुपार कलताना, तिने चावी फिरवली. सासूबाई न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. त्या परतल्या तेव्हा दलाल फाटकाशी उभा होता.

सासूबाई गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

गाडी द्यायची नाही, उस्ताद म्हणाले. दलाल वैतागला. काल तर सूनबाईच्या नावाने बोटं मोडत होतात, आज काय झालं, असं त्याने चारचौघांत विचारलं. उस्तादांनी सुनेकडे पाहिलं, तिने विषय आवरावा म्हणून. ती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिली. चूक कुणाची होती, हे तिला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

“तिचं काही चुकलं नव्हतं,” उस्ताद शेवटी म्हणाले. आवाज चिडकाच होता. “चुकीचं तेल मी घातलं होतं. आणि बोल मात्र तिला लावले.”

दलाल निघून गेला. सुनेने सासूबाईंना हात देऊन उतरवलं, पायरीवर बसवलं आणि ती रॉकेलने हात पुसायला लागली. उस्ताद जवळ येऊन म्हणाले, चल, झालं गेलं विसर आता.

“विसरेन,” ती म्हणाली, “पण आज नाही.” आणि बोटं एकेक करून पुसत राहिली.