जयमाला मावशीच्या हिरडीचं ठिगळ

उंद्रीत ब्लाऊज शिवावा तर जयमाला मावशीनंच. बोलताना ती तोंडावर पदर धरायची, कारण तिचा खालचा जबडा मशीनचा खण उघडा राहावा तसा पुढं. पण त्याच खालच्या दातांनी ती धागा असा तोडायची की कात्रीनं लाजावं. वीस वर्षं, दर गाठीला एक 'कट्'.

अडतिसाव्या वर्षी तिचा खालचा समोरचा एक दात लांब दिसायला लागला आणि हलायलाही लागला.

"दात वाढून राह्यला माया!" मावशी घाबरली.

"या वयात?" तिचा नवरा पंजाबराव, म्हणजे आमचे काका, म्हणाले. "मंग मायी उंची काऊन नाही वाढत?"

चिखलीच्या डॉक्टरांनी आरसा दाखवला. "दात वाढला नाही, जयमालाबाई. हिरडी खाली सरकली."

"मंजे हात तेवढाच हाय, बाही आखूड झाली."

"अगदी!" डॉक्टर खूश. तोंडातल्या टाळूचा छोटा तुकडा काढून हिरडीला लावू, ती भरली की तारा बसवून खालची रांग मागं घेऊ, असं त्यांनी सांगितलं.

"ठिगळ," मावशी म्हणाली. "कोन्त्या नंबरचा धागा?" टाके पडल्यावर सुजल्या तोंडानंसुद्धा आरशात बघून बोललीच, "शेवटची गाठ ढिली हाय, डाक्टर."

डॉक्टरांनी एकच ताकीद दिली. यापुढं दातानं धागा तोडाल, तर दात हातात येईल. काकांनी त्याच संध्याकाळी तिच्या गळ्यात नाडीनं कात्री बांधली.

काही महिन्यांनी तारा बसल्या, आणि शेजारच्या पायलचं लग्न आलं. ऐन वेळी नवरीच्या ब्लाऊजचा पाठीवरचा हूक निघाला. मावशी सुई घेऊन धावली, तर दारात नवरीची आजी, पुष्पाबाई, आडवी.

"नवरीच्या खोलीत कात्री? अपशकुन! काढ पह्यले!"

कात्री बाहेर गेली. मावशीनं हूक लावला, गाठ मारली, हात गळ्याशी नेला. गळा रिकामा. आणि ती वाकली.

धागा तुटला नाही. तारेत जाऊन बसला.

"खात्ती आना, खात्ती!" पायलच्या पाठीतून आवाज आला.

"माळ पडेपर्यंत नाही!" पुष्पाबाई.

"मावशी, मी थोडंसं ओढू काय वं?" पायलनं विचारलं.

"ओघू नोको! मायं ठिगळ!"

बाहेरून गुरुजींचा माईक: "मुलीला आणाऽऽ, वेळ टळूऽऽन राह्यली!"

मग निघाली वरात. पुढं पायल, तिच्या पाठीला नाक लावून मावशी, आणि त्यामागं मामा.

"बाई, नवरीमागं मामा उभा राह्यते. तुमी कोन?" गुरुजींनी विचारलं.

"टेलर!"

मंगलाष्टकं झाली. मावशीच्या अंबाड्यात मूठभर अक्षता साचल्या. व्हिडिओवाला सारखा म्हणत होता, "मावशी, जरा इकडं बघा, स्माईल!" इथवर दात शाबूत होता. पण माळ घालायच्या वेळी नवरदेवाच्या दोस्तांनी त्याला खांद्यावर उचललं. पायलचे भाऊ काय कमी? "उचला बे आपलीले!" आणि पायल वर जायला लागली.

"डाऽऽत!" मावशी किंचाळली.

काकांनी हातातला पाण्याचा ग्लास फेकला, स्टेजवर उडी मारली आणि बायकोला कमरेला धरून उचललं. सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"वर! अजून वर!"

"किती वर? मी का क्रेन हाव?"

"पायल जाईन तितकं!"

माळ पडली. टाळ्या वाजल्या. पुष्पाबाई स्वतः कात्री घेऊन आल्या आणि हवेतच धागा कापला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आधी दात हलवून पाहिला. हलला नाही. ठिगळही पक्कं. मग त्यांनी चिमट्यानं तारेतून राणी रंगाचा धागा काढला. त्यामागून हिरवा निघाला. मग पिवळा. मग जरीचा.

"जयमालाबाई, किती लग्नं झाली?"

"लगन एकच," मावशीनं पदर तोंडाशी नेला. "बाकीचे साधे ब्लाऊज हायेत."