ओसिवाल्दोचा उजवा हात

ओसिवाल्दोचा पहिला व्यावसायिक सामना एकूण एकतीस सेकंद चालला. त्यातले अठरा सेकंद तो जिंकत होता, दोन सेकंद त्याने सभ्यपणा केला, आणि उरलेल्या अकरा सेकंदांत तो हरला.

मी झुंजीच्या जाळीदार पिंजऱ्यापासून चार रांगा मागे, थंड पेयं विकणाऱ्या बाईच्या खोक्याला टेकून उभी होते. घंटा झाली. समोरचा पोरगा बेलेम शहरातलाच, छातीवर वाघ गोंदलेला. ओसीने त्याचे दोन ठोसे खांद्यावर झेलले, कमरेला मिठी घातली आणि त्याला असा उचलून टाकला की वाघाचे चारही पाय वर झाले. पाठ पूर्ण टेकली. आमच्या मराजो बेटावर गोष्ट इथे संपते; पिंजऱ्यात ती पडल्यावरही चालू राहते. ओसीच्या लेखीही ती संपली. तो उठला, ओशाळं हसला आणि पडलेल्याला उठवायला त्याने उजवा हात पुढे केला.

त्या पोराने हात घेतला. दोन्ही हातांनी घेतला, मग दोन्ही पायांनीही घेतला, आणि कोपर उलट्या बाजूला वाकवायला लागला. ओसीच्या चेहऱ्यावर वेदना जरा उशिरा आली. आधी आला तो संकोच, जणू आपल्याकडूनच काहीतरी कमी-जास्त झालं असावं.

ओसी माझ्या मावशीचा मुलगा. सौरे गावाच्या बाहेर, म्हशींच्या रानात वाढलेला. तिथे दिवसभराचं काम आटोपलं की गडी पाणथळीच्या कडेला कुस्ती खेळायचे. पायाला पाय लावून उभं राहायचं, ठोसा नाही, लाथ नाही. ज्याच्या पाठीला चिखल लागला तो हरला. मग जिंकणाऱ्याने हरलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याची पाठ आपल्या हाताने झाडायची. हे कोणी शिकवत नाही. देउझा मावशी, म्हणजे ओसीची आई, म्हणते की, पाडून पाठ न झाडता जाणारा माणूस म्हणजे जेवून ताट तसंच टाकून उठणारा. मावशी चीज करते, म्हशीच्या दुधाचं, आणि त्या रानातल्या सगळ्यांच्या वागणुकीचा शेवटचा निकाल तिच्याच पडवीत लागतो.

जानेवारीच्या जत्रेत ओसीने सलग पाच वर्षं भल्याभल्यांना अस्मान दाखवलं. कोणीतरी त्याला सांगितलं की शहरात असल्या झुंजी टीव्हीवर दाखवतात. तेव्हा बाविसाव्या वर्षी, काखेत निजायचा झुला आणि पिशवीत चार किलो चीज घेऊन, तो बोटीतून बेलेमला माझ्या दारात उतरला. झुला त्याने पुढच्या खोलीत आडवा बांधला. त्यानंतर आठ वर्षं मी माझ्याच स्वयंपाकघरात वाकून जात होते.

तालीम बर्फाच्या कारखान्यावरच्या मजल्यावर होती. ब्राउलियो मास्तर तिथे शिकवायचे. बुटके गृहस्थ, कान चुरगळून पुन्हा उलगडलेल्या कागदासारखे. त्या पहिल्या सामन्यानंतर बसमध्ये त्यांनी ओसीच्या कोपराला बर्फ बांधला. मग म्हणाले,

"हात का दिलास?"

"तो पडला होता, मास्तर."

"तूच पाडलं होतंस ना?"

"म्हणून तर."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या थांब्यापर्यंत ते तसेच पाहत राहिले.

त्यांनी औषध शोधलं ते लिंबाचं. सरावात ओसीच्या उजव्या मुठीत एक लिंबू द्यायचं. समोरच्याला पाडायचं, त्याच्यावर बसायचं, दहा आकडे मोजायचे. लिंबू मुठीतच राहिलं पाहिजे. हात द्यायला मूठ उघडली की लिंबू पडणार, आणि लिंबू पडलं की सगळ्या तालमीने पन्नास बैठका मारायच्या. पहिल्या आठवड्यात पोरांनी इतक्या बैठका मारल्या की ती जिन्यावरून उतरताना कठड्याला धरायची. ती ओसीला घालूनपाडून बोलायची, पण चेष्टेनेच, कारण बैठका मारताना तोही त्यांच्याबरोबर असे आणि प्रत्येकाची माफी मागे. फुटलेली लिंबं मास्तर घरी न्यायचे. त्यांची बायको म्हणायची की त्या वर्षाइतका चांगला मासा तिने कधी केला नाही.

औषध लागू पडलं, पण अर्धवट. दुसऱ्या सामन्यात ओसीने हात दिला नाही; पाडून तो नुसता शेजारी उभा राहिला, निकालाची वाट बघत, आणि खालून आलेली लाथ त्याच्या हनुवटीवर बसली. तिसरा सामना तो जिंकला, कारण समोरचा पडलाच नाही, उभ्याउभ्या दमला. पाचव्यात पुन्हा हात. बेलेमच्या निवेदकाने त्याचं नाव 'सभ्य गृहस्थ' ठेवलं. तो पिंजऱ्याकडे चालत निघाला की लोक एकमेकांना हात देऊन खुर्चीवरून उठवायचे. ओसीला त्यात टोमणा दिसायचा नाही. तो म्हणायचा, "बघ ताई, इथली माणसं हळूहळू सुधारतायत."

वजनाचं दुःख मात्र त्याला खरं वाटे. सामन्याआधी महिनाभर असाई बंद. आमच्याकडे दुपारी असाई या ताडफळाचा दाट जांभळा गर, त्यात कसावाच्या कंदाचं भरड पीठ आणि बाजूला तळलेला मासा, हे नसेल तर माणूस जेवला असं कोणी म्हणत नाही. मी माझा वाडगा शेजारणीकडे नेऊन खायचे. परत आल्यावर तो माझ्या ओठांकडे बघे आणि झुल्यात तोंड फिरवून पडे.

अशी चार वर्षं गेली. आठ सामने झाले. तीन जिंकले, पाच हरले, त्यातले तीन केवळ उजव्या हातामुळे. तेव्हा आयोजकांनी मास्तरांना बोलावून सांगितलं की, करारातला शेवटचा सामना उरलाय, हा जिंकला तर आणखी दोन वर्षं, हरला तर त्याने आपल्या म्हशींकडे जावं. म्हशी तयारच होत्या. मावशीने रानाच्या मालकाशी बोलून जागा धरून ठेवली होती आणि दर रविवारी फोनवर ती त्या जागेचं कौतुक करायची.

ओसीला जायचं नव्हतं. हे त्याने मला एकदाच सांगितलं, भांडी पुसता पुसता. रानात तो सगळ्यांत चांगला होता, आणि सगळ्यांत चांगला असणं त्याला कंटाळवाणं वाटायला लागलं होतं. इथे तो रोज काहीतरी चुकायचा. "अजून मला हे येत नाही गं ताई," तो म्हणाला, "येत नाही तोवर कसा जाऊ?"

शेवटच्या सामन्यासाठी प्रतिस्पर्धी ठरला जिल्वांद्रो. सौरेसमोरची नदी ओलांडली की साल्वातेर्रा गाव लागतं, तिथला. म्हणजे आमच्यासारखाच चिखलातला मल्ल. जत्रेत दोघांच्या पोरवयात तीन कुस्त्या झाल्या होत्या आणि तिन्ही अंधार पडल्यामुळे सोडवाव्या लागल्या होत्या. नंतर तो मनाउसला गेला. तिथल्या कडक मास्तरांनी त्याची बेटावरची सगळी खोड मोडली, असं ऐकून होतो. त्याने कोणाला हात दिल्याची एकही नोंद नव्हती.

बातमी बेटावर पोचली आणि दोन्ही गावांतली माणसं बोटी भरभरून आली. देउझा मावशीही आली, पहिल्यांदाच. तिला हा खेळ मंजूर नव्हता. पडलेल्याला मारतात हे तिला कोणीतरी सांगितलं होतं आणि ते तिने खोटं धरलं होतं. ती माझ्या शेजारी मांडीवर चीजचा डबा घेऊन बसली. मास्तरांनी ओसीला पिंजऱ्यात सोडण्याआधी त्याची उजवी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून मिटवली, लहान मुलाला खाऊ देऊन मिटवतात तशी.

पहिली फेरी बघवेना. बेटावरचे दोन उत्तम पकडवाले, आणि दोघंही एकमेकांच्या मिठीला इतके भिऊन की लांबून ठोसे मारत होते, मच्छर मारावेत तसे. दोन्ही गावांची माणसं पाय आपटायला लागली. मावशीने मला विचारलं की हे कधी सुरू होणार.

दुसऱ्या फेरीत ते सुरू झालं. जिल्वांद्रो आत शिरला, ओसीचा पाय उचलला, आणि इतक्या सुरेख डावाने त्याला टाकला की आमच्या सौरेकरांच्या तोंडूनही दाद निघाली. ओसीची पाठ टेकली. आयुष्यात पहिल्यांदा टेकली. आजवर तो हरला होता, पण कधी चीत झाला नव्हता. तो तसाच आढ्याकडे बघत पडून राहिला. आता वरून ठोसे येणार, म्हणून मी डोळे अर्धे मिटले.

ठोसे आले नाहीत. जिल्वांद्रो उठला आणि त्याने हात पुढे केला.

दोन्ही गावांची माणसं जागची उठली. मग मास्तरांचा आवाज आला. मास्तर सहसा ओरडत नाहीत. "ओढ," ते म्हणाले. "ओसी, ओढ त्याला. बाळा, ओढ."

ओसीने तो हात घेतला. त्याला डाव माहीत होता. पहिल्याच दिवशी तो त्याच्या स्वतःच्या कोपरावर झाला होता आणि नंतर मास्तरांनी शेकडो वेळा घोटून घेतला होता. पाय वर टाकायचे, कंबर उचलायची, संपलं. दोन वर्षांचा करार त्या बोटांत होता. नंतर मी त्याला विचारलं की तेव्हा मनात काय आलं. तो म्हणाला की काही आलं नाही, फक्त जिल्वांद्रोचा तळवा ओळखीचा वाटला, दोराने घट्टे पडलेला.

तो त्या हाताला धरून उठला. जिल्वांद्रोने त्याला वळवलं आणि त्याची पाठ झाडली, दोनदा, नीट, खांद्यापासून कमरेपर्यंत. पिंजऱ्यात चिखलाचा कण नव्हता.

मग दोघांच्याही लक्षात आलं की आपण कुठे आहोत.

पंच धावत आले आणि विचारू लागले की तुमच्यातल्या कोणी माघार घेतली आहे का. जिल्वांद्रोच्या मनाउसच्या मास्तरांनी संतापाने टॉवेल उचलला, आणि तिघांनी मिळून त्यांचा हात धरला, कारण टॉवेल आत पडला असता तर त्यांचाच माणूस हरला असता. आमचे ब्राउलियो मास्तर पाण्याच्या बादलीवर बसले होते. बादलीत पाणी होतं.

सामना पुढे चालू झाला. तिसऱ्या फेरीत दोघांनाही आपापल्या मास्तरांची भीती वाटत असावी, कारण दोघांनी जीव तोडून ठोसे मारले आणि मिठी कोणीच घातली नाही. ओसीचे चार जास्त लागले. तीन परीक्षकांपैकी दोघांनी त्याला गुण दिले, पंचांनी त्याचा उजवा हात वर केला, आणि करार वाढला. मास्तर माझ्या गळ्यात पडून रडले. ते कमरेखाली पूर्ण ओले होते.

मावशी उठली नाही. ओसी खाली आमच्याकडे आला, डोळ्यावर सूज, तोंडभर हसू. तिने त्याला हाताने खूण करून वळायला सांगितलं आणि त्याची पाठ बघितली.

"पडलं कोण?" तिने विचारलं.

"मी पडलो, आई."

"मग हात कोणाचा वर केला?"

"माझा."

मावशीने चीजचा डबा उघडला, एक तुकडा त्याच्या तोंडात घातला, आणि तो चावत असताना शांतपणे म्हणाली, "आणि तू पंचांना काही बोलला नाहीस?"

ओसीचं चावणं थांबलं. हसूही थांबलं. मी त्याला समजावलं, मास्तरांनी समजावलं, या खेळाचे नियम निराळे आहेत हे आम्ही दोघांनी आळीपाळीने सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि दुसरा तुकडा जिल्वांद्रोला देण्यासाठी कागदात गुंडाळला.

त्या जानेवारीत ओसीने मास्तरांना आपल्याला ताप आल्याचं कळवलं आणि जत्रेची बोट पकडली. त्याच बोटीच्या वरच्या मजल्यावर मास्तर बसले होते. त्यांना हा ताप आठवडाभर आधीच दिसला होता. जत्रेच्या वाळूच्या आखाड्यात ओसी आणि जिल्वांद्रो पायाला पाय लावून उभे राहिले. ही कुस्ती अंधाराआधी संपली. बऱ्याच वेळाने, पण संपली. ओसीने त्याला उचलला आणि वाळूत पाठीवर ठेवला, जवळजवळ हळुवार. मास्तर पहिल्या रांगेत होते. ते अर्धे उठले, 'बस त्याच्यावर' म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं. मग इकडेतिकडे बघून ते पुन्हा खाली बसले आणि ओसी जिल्वांद्रोची पाठ झाडत होता ते बघत राहिले.

त्यानंतर तो आणखी सहा वर्षं पिंजऱ्यात लढला. हात द्यायची सवय पूर्ण गेली नाही, पण तो आता घंटा होईपर्यंत थांबायला शिकला, आणि शेवटी शेवटी तर समोरचेच पडल्यावर हाताची वाट बघायचे. आता बर्फाच्या कारखान्यावरची ती तालीम तोच चालवतो. भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे, तिच्यावर अकरा विजय लिहिलेत. नवीन मुलं विचारतात तेव्हा तो आईच्या हिशेबाने दहा सांगतो, आणि मास्तर कोपऱ्यातून, लिंबू चिरता चिरता, अकरा म्हणतात.