खड्ड्याला पाणी घालणारी सिंधु

"खटका दाबा, सिंधुबाई!"

"न्हाई दाबणार."

"बडे साहेब व्हरांड्यात चहा पिऊन राहिलेत. आत आले की काळजाची मशीन चालू दिसली पाहिजे."

"तिची जमिनीत जाणारी तार कुठाय, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर श्रीपादांनी घाम पुसला. निजामाच्या राज्यात काळजाचा आलेख काढणारी मशीन नांदेडच्या दवाखान्यात येऊन वर्ष झालं होतं, आणि ती चालवायला शिकलेली नर्स एकच, अर्धापूरची सिंधु. ती हैदराबादेला शिकायला निघाली तेव्हा चुलत्यानं बजावलं होतं, परत उंबरा चढायचा नाही. "बरं," म्हणाली आणि गेली. तिथं भुजंग नावाचा कंपाउंडर जमिनीची तार तुटलेल्या मशीनला हात लावून, विजेच्या धक्क्यानं तिच्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून सिंधु आधी तार बघायची, मग खटका.

मशीनच्या पत्र्यात वीज उतरलीच तर माणसाच्या अंगातून न जाता तारेनं मातीत जावी, म्हणून दवाखान्यामागं खड्ड्यात लोखंडी नळी पुरली होती. पण उन्हाळ्यात इथली माती फुफाटा होते, अन् कोरडी माती वीज घेत नाही. म्हणून सिंधु रोज सकाळी तिथं मूठभर मीठ टाकून घागरभर पाणी ओतायची. रोग्यांसोबतच्या बायांनी ते पाहिलं. नर्सबाई रोज पाणी घालतात म्हणजे जागा जागृत! नळीला शेंदूर लागला, नारळ फुटू लागले. अन् आज बड्या साहेबांचा मुआयना, दवाखान्याची तपासणी, म्हणून श्रीपादांनी सकाळीच नळी उपटून खड्डा बुजवून टाकला होता.

"दवाखान्यात देवस्थान ठेवू का मी?" ते दबक्या आवाजात खेकसले. "आणि कुणामुळं झालं ते?"

"माझ्यामुळं. बायांना समजावून सांगायला पाहिजे होतं, न्हाई सांगितलं. पण शेंदूर पुसायचा होता साहेब, नळी कशाला उपटली?"

"वर्षभरात एकदा तरी काही झालंय का?"

"वरीसभर तार होती. आज सकाळी नुसता पत्र्याला हात लावला तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या."

लोखंडी खाटेवर देगलूरकडचे गुरुपादप्पा पडून होते. मनगटांना, घोट्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेले पट्टे, पट्ट्यांच्या तारा मशीनला.

"अव्वा," ते म्हणाले, "छातीत दुखतंय म्हणून आलो. मुंग्या कुणाला येणार आता?"

"तुम्ही गप पडा!" श्रीपाद ओरडले. "सिंधुबाई, हा हुकूम आहे."

"मग पट्टे तुम्ही बांधून घ्या. झोपा खाटेवर. मी दाबते."

श्रीपादांची नजर खाटेवर गेली, तिथून ओल्या पट्ट्यांवर. पाऊल मात्र हललं नाही.

"नोकरी जाईल तुमची. अर्धापूरला कोण घेणार आहे घरात?"

सिंधुचा चेहरा पांढरा पडला. हे तिनं त्यांना कधीतरी विश्वासानं सांगितलं होतं. ती खाली वाकली, गुरुपादप्पांचा एकेक पट्टा सोडला, मनगटं कोरडी पुसली. मग मशीनची वायर भिंतीतून खेचून काढली.

"उठा, अप्पा. डावा हात माझ्या खांद्यावर टाका."

व्हरांड्यात खुर्च्या सरकल्या. बूट वाजले.

"सिंधुबाई! अहो, बड्या साहेबांना मी काय सांगू?"

गुरुपादप्पांना सावरत ती आत येणाऱ्या बड्या साहेबांच्या समोरूनच दाराबाहेर पडली.