गोल बाणाला हात लावायचा नाही

जव्हारच्या वर्गात आम्हाला ब्राउझर शिकवायला जे सर यायचे, ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'एकदम सोपं आहे' म्हणायचे. त्यांना ते सोपं होतंच. ज्याला येतं त्याला सगळंच सोपं असतं, त्यात कसलं आलंय कौतुक. आम्ही शिकायला आलो होतो की त्यांना किती येतं ते बघायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. बारावी झालेली, आणि दर वर्षी भात झोडून झालं की नवऱ्याबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाणारी. मुलगी चौथीत गेली तेव्हा मी ठरवलं, आता बस्स झालं. तिला भट्टीवर नेली की शाळा बुडायची आणि पावसाळ्यात परत आली की तिला आधीचं काही आठवायचं नाही. जव्हारला मुलींच्या एका खासगी वसतिगृहात स्वयंपाकाला मदतनीस हवी होती. राहायला खोली मिळणार होती, शाळा शेजारीच. मी अर्ज देऊन आले. मुलाखतीची तारीख मात्र फक्त त्यांच्या वेबसाइटवर कळणार होती. फोन केला तरी 'वेबसाइट बघत राहा' एवढंच ऐकू यायचं. भाकऱ्या थापायला बाई बोलवायची, तर तिला तोंडाने 'ये' म्हणायला यांची जीभ झिजत होती. पण गरज माझी होती. म्हणून बायकांसाठी फुकट वर्ग निघाला तेव्हा मी नाव घातलं.

एका संगणकासमोर आम्ही तिघी-चौघी. माउस पुढच्या बाईच्या हातात, बाकीच्या मागून माना लांब करून बघणार. हा टॅब, हा ॲड्रेस बार, हे मागे जायचं बटण. सर बोट नाचवत पुढे पुढे जायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, 'ताई, सोपं आहे, घरी प्रॅक्टिस करा.' घरी काय, चुलीवर प्रॅक्टिस करायची? आणि आमच्या बायकाही अशा की समजो न समजो, 'हो सर' एका सुरात. त्या 'हो सर'ची मला सरांपेक्षा जास्त चीड यायची.

एक दिवस वर्गाचे फोटो काढायचे होते. वर्गासाठी ज्यांनी पैसे दिले होते त्यांना पाठवायला. प्रत्येक पडद्यावर एकच रंगीत पान उघडून ठेवलं, आम्हाला केस नीट करायला सांगितलं. तेवढ्यात दाभोशाच्या एका बाईने ॲड्रेस बारशेजारच्या गोल बाणावर टिचकी मारली. नेट गेलेलं होतं. रंगीत पान गेलं आणि तिथे एक करडा डायनासोर येऊन उभा राहिला. सर इतके चिडले की त्यांचं 'सोपं' कुठल्या कुठे पळालं.

'ताई, कुणी सांगितलं होतं? त्या गोल बाणाला कुणीही हात लावायचा नाही. कळलं सगळ्यांना?'

'हो सर.'

त्या महिन्यात त्यांनी आम्हाला मनापासून शिकवलेली गोष्ट ती एवढीच. बाण कशासाठी असतो हे त्या दिवशीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

मला ते चटकन पटलं, त्याचं कारण आमचा पाडा. पाड्यावर रेंज नाही. खोडाळ्याच्या अलीकडचा चढ चढलं की फोन टुणटुण वाजायला लागतो आणि अडकलेले मेसेज आपसूक उतरतात. म्हणून आमच्याकडे पान घरी आणतात. खोडाळ्यात उघडायचं, उघडंच ठेवून जीपमधून घरी न्यायचं, आणि मग घरादाराने वाचायचं. कुणाचा निकाल असाच येतो, कुणाची भरतीची बातमी. शेजारणीच्या चुलीतला विस्तव आणताना जपतो तसं त्या पानाला जपायचं. घरी त्या बाणाला बोट लागलं की पान विझलंच.

वसतिगृहाचं पान मी तसंच आणलं. 'मुलाखतीची तारीख लवकरच कळवण्यात येईल.' सासूला वाचून दाखवलं, नवऱ्याला दाखवलं. मग दर बाजाराला खोडाळ्यात जाऊन, चांगली रेंज आलेली पाहून, फोन काढून बघायची. लवकरच. पुढच्या बाजारी पुन्हा लवकरच. मेसेज जसे आपले आपण उतरतात, तशी तारीखही उतरेल अशी माझी समजूत. का नसावी? त्याच फोनवर, त्याच रेंजमध्ये एक गोष्ट आपोआप येते आणि दुसरी येत नाही, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं?

'आली काय तारीख?' सासू विचारायची.

'नाय अजून.'

भात कापून झालं. भट्टीवर माणसं नेणारा मुकादम दारात येऊन बसायला लागला. नवरा त्याला म्हणायचा, 'थांब रं, हिचं कायतरी कळू दे.' मुकादम माझ्याकडे बघून हसायचा. मला त्याचा संताप यायचा, पण मी मुलीच्या शाळेतल्या बाईंना ठासून सांगून आले होते की यंदा ही कुठे जाणार नाही.

मग खोडाळ्याच्या बाजारात ती दाभोशाची बाई भेटली. भावाकडे आली होती. म्हणाली, 'वसतिगृहात तू आली नाहीस ती? मी वाट बघत होते. मुलाखती झाल्या. मला नाय घेतली, दुसरी घेतली.'

मी म्हटलं, 'काहीतरी काय सांगतेस. तारीखच आली नाही,' आणि फोन तिच्या नाकासमोर धरला. लवकरच कळवण्यात येईल.

तिने पान बोटाने खाली ओढलं. वर तोच गोल बाण गर्रकन फिरला आणि ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर गेली. तिच्या जागी आलं, 'पद भरण्यात आले आहे. धन्यवाद.'

त्या 'धन्यवाद'वर मी थुंकले असते. सुक्या बोंबलाच्या पाटीशेजारी मी तशीच उभी राहिले. तिथूनच सरांना फोन लावला.

'सर, बाणाला हात लावू नका म्हणाला होतात.'

कोण, कुठली ते सांगावं लागलं. मग म्हणाले, 'अहो ताई, ते फोटोपुरतं होतं. रिफ्रेश करायचं असतं, हे तर अगदी बेसिक आहे.'

'मग ते का नाही शिकवलं?'

'एवढं तर कुणालाही कळतं, ताई.'

मी फोन बंद केला. एवढं कुणालाही कळत असेल, तर तुम्ही जव्हारला कशाला येत होतात, हे मला नंतर जीपमध्ये सुचलं. अशा माणसांना उत्तरं द्यायची ती नेहमी जीपमध्येच सुचतात.

घरी नवऱ्याने मुकादमाला होकार दिला. शाळेतल्या बाईंना सांगायला मी गेलेच नाही, मुलीच्या हाती निरोप पाठवला.

भट्टीवर रेंज अशी आहे की विचारू नका. कुठेही उभं राहा, पान बोट लावताच ताजं होतं. शाळेतल्या बाई मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर रोज अभ्यास पाठवतात, तोही लगेच उतरतो. दुपारी मी मुलीला शेडच्या सावलीत बसवते आणि गणितं दाखवते. दोन गणितं झाली की मुकादम हाक मारतो. कच्च्या विटा उन्हात उलटवायला हलका हात लागतो, मोठ्यांच्या हातांनी त्यांचे कोपरे मोडतात. म्हणून ते काम त्याने तिला दिलं आहे.