शरण येण्याची पोझ

आमच्या जाधव सरांच्या स्टुडिओत किस्से रंगासारखे सांडलेले असतात. कपड्याला लागल्याशिवाय घरी जाता येत नाय! स्टुडिओ म्हणजे सरांच्या घराची पुढची खोली, औरंगपुऱ्यात. तिथं आम्ही मंगल कार्यालयांना, हॉटेलांना लढायांची चित्रं काढून देतो. शत्रू शरण येतो तो भाग सरांचा लाडका. "जिंकलेला कोणीबी काढतो रे. हरलेला काढून दाखव!"

*

माझ्या पहिल्याच चित्रात शरण आलेल्या सरदारानं तलवार पुढं केली होती, टोक राजाकडं. सरांनी चष्मा वर केला. "हा शरण आलाय का खून करायला? मूठ समोरच्याकडं असती, बाबा!"

*

वैजापूरच्या कार्यालयवाल्याला चित्र लई आवडलं. फक्त हरलेला सरदार उदास नको म्हणाला. "लग्नाचं ठिकाण हाय सर, जरा हसरा करा की."

सर म्हणाले, "करतो. हातात आहेराचं पाकीटबी देतो!"

*

जुन्या चित्रांत शरण येणारा दातात गवत धरतो. मी गरीब गाय, मारू नका, असा अर्थ. खुलताबादला आमचा मॉडेल सत्या तसाच गवत धरून गुडघ्यावर बसला होता. मागून बकरी आली आन् गवत खाऊन गेली!

सत्या बोंबलला. सर हसून हसून खाली बसले. "ऊठ बाबा, माफी मंजूर झाली तुझी!"

*

सरांच्या लेकीनं, मनीषानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, सासरी कन्नडला गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. सर म्हणायचे, आधी ती बोलंल. ती म्हणायची, आधी बाबा. मधल्यामधी मनीषाची आई, आमच्या काकू, रडायच्या. मला लई वाईट वाटायचं. एकदा धीर करून म्हणालो, "सर, एक फोन करा ना."

"शरण चित्रात यायचं असतं. ब्रश धू!"

*

परवा सत्या तापानं पडला. किल्ला स्वाधीन करायचं चित्र अर्धवट, म्हणून सर स्वतःच गुडघ्यावर बसले. किल्ल्याच्या नकली चाव्या सापडेनात, तर घराचाच जुडगा दोन्ही तळव्यांवर धरला. मान खाली.

"अगं मनीषा!" आतून काकू ओरडल्या. बघतो तर दारात मनीषा! सर बाहेर असतील असं समजून आईला भेटायला आली होती. समोर बाप गुडघ्यावर, हातात घराच्या चाव्या. ती उंबऱ्यातच थांबली.

सरांनी मान वर केली नाय. "बघत काय उभी राहिलीस? घे की! हात दुखायलेत माझे."

मनीषानं डोळे पुसले. जुडगा उचलून पर्समध्ये टाकला आन् सरळ स्वयंपाकघराकडं निघाली. "चहा टाकते. तवर उठू नका बाबा, चित्र होऊ द्या!"

सर उठले नाहीत!